लेन्स कोणती?

…आणि एवढं सगळं करून त्यांनी विचारलं काय असेल? 'लेन्स कोणती?' बस्स! माणूस या वयात गुडघ्यांना तेल चोळून भल्या पहाटे नळदुर्गच्या किल्ल्यावर चढतो, बुरुजाच्या भेगेत बसलेल्या पिंगळ्याची झोप मोडू नये म्हणून आलेला खोकला गिळतो, जिवाचं रान करून एक फोटो काढतो, तो फोटोवाल्यांच्या ग्रुपवर टाकतो, आणि खाली पहिली प्रतिक्रिया काय, तर 'लेन्स कोणती सर?' अहो, पिंगळा बघा की! तो बघतोय तुमच्याकडं डोळे वटारून, तुम्हीही बघा जरा त्याच्याकडं! लग्नाला आलेला माणूस नवरी बघायची सोडून मांडवाचे बांबू मोजतो का? मोजत असेल तर तो मांडववाला असतो. आमच्या ग्रुपवर सगळे मांडववालेच.

तुम्हाला सांगतो, निवृत्त झाल्यावर माणसं एक तर देवाला लागतात, नाहीतर घराच्या बांधकामाला. मी पंचायत समितीत कारकून, तोही बांधकामाच्या टेबलावर, त्यामुळं बांधकामावरचा विश्वास नोकरीतच उडालेला. आणि देव म्हणाल तर तो आमच्या घरी सासूबाईंनी अख्खा ताब्यात घेतलेला, माझ्या वाटणीला फक्त प्रसाद. उरला कॅमेरा. तो घेतला. दुकानदार म्हणाला, 'काका, याच्यासोबत ही लेन्स आलीच.' मला काय आनंद! पुढं ग्रुपवर कळलं की असल्या आयत्या लेन्सला किट लेन्स म्हणतात, आणि ती वापरणारा म्हणजे पंगतीत पार दाराशी, चपलांजवळ बसवलेला पाहुणा. वाढतात त्यालाही, पण लाडू त्याच्यापर्यंत येईस्तोवर बुंदी झालेली असते.

ग्रुपचं नाव 'क्षणवेचे परिवार'. चालवणारा कुलदीप. धाराशिवला त्याचं फ्लेक्सचं दुकान आहे… वाढदिवस, निवड, सत्कार, श्रद्धांजली. जिल्ह्यात जन्माला आलेला माणूस कुलदीपच्या हातून सुटत नाही. आणि ग्रुपचे जाणकार म्हणजे भूमचे अमरसिंह. त्यांच्याकडं एवढी लांब लेन्स आहे, एवढी लांब, की खांद्यावर घेऊन निघाले तर लोक विचारतात, बोअर कुठं घ्यायलाव? ती आल्यापासून त्यांनी एकही फोटो टाकलेला नाही. का? तर म्हणे लेन्समध्ये धूळ जाते. आता भूमला धूळ थांबायची वाट बघणारा माणूस… जाऊ द्या. पण दुसऱ्याच्या फोटोवर शेरा मारायला धूळ आड येत नाही. 'काका, क्षितिज तिरकं आलंय.' अहो, तो बालाघाटचा डोंगर आहे, तिरकाच असतो तो! 'काका, हायलाइट जळालेत.' म्हणजे काय, तर उजेड जास्त झाला. मे महिन्यात, आपल्याकडं, दुपारी, उजेड जास्त! 'काका, नॉइज फार आहे.' म्हणजे अंधारात काढलेल्या फोटोवर खसखस सांडल्यासारखे ठिपके येतात, ते. आवाज नाही, ठिपके. मी आयुष्यभर साहेबांचे शेरे वाचले हो, पण साहेब निदान कागद वाचून शेरा मारायचे… छे, तेही नाही वाचायचे. तेही जाऊ द्या.

माझं मागणं काय होतं? एकदा, फक्त एकदा, कुणीतरी फोटोत जे आहे त्याच्याविषयी बोलावं. चांगलं बोला, वाईट बोला, पण त्याच्याविषयी बोला! लेन्स कोणती ते विचारू नका!

तर परवा काय झालं… आमच्या सासूबाई, गंगम्मा, स्वयंपाकघराच्या झरोक्याखाली तुरीची डाळ निवडत बसलेल्या. कपाळावर विभूती, वरून उजेडाची एक तिरीप थेट चेहऱ्यावर, आणि हात डाळीत. मी हळूच कॅमेरा उचलला. त्यांनी मान वर केली. 'काय बघायलाव जावईबापू? डाळ कदी बगितली न्हाय व्हय?' आणि त्या क्षणी मी बटण दाबलं! काय सांगू तुम्हाला, त्या डोळ्यांत सगळं होतं… दुष्काळ, बाळंतपणं, सासुरवास, आणि जावयाविषयीचं मत.

पण खसखस! झरोका सोडला तर सगळा अंधार. अमरसिंहांना फोन केला. ते म्हणाले, 'काका, किट लेन्सला हे झेपायचं नाही. तुम्ही एक करा, ब्लॅक अँड व्हाइट करून टाका. नॉइज लपतो आणि फीलिंग येतं.' केला. ग्रुपचा नियम असा की फोटोला शीर्षक पाहिजेच. बराच विचार करून लिहिलं, 'गंगम्मा : एक प्रवास. नळदुर्ग.' टाकला, आणि जेवायला बसलो.

हात धुऊन येतो तर खाली प्रतिक्रिया. 'भावपूर्ण श्रद्धांजली.'

मी चष्मा पुसला. त्याखाली दुसरी. त्याखाली तिसरी, हात जोडलेली. अहो, चूक त्यांची तरी कशी म्हणू? आपल्याकडं म्हातारं माणूस काळ्या-पांढऱ्यात आलं, खाली नाव आलं, नावापुढं 'प्रवास' आला, की पुढं काय लिहायचं ते अंगठ्याला पाठ असतं, त्यासाठी डोकं वापरावं लागत नाही! मी लगेच लिहायला घेतलं, 'अहो, त्या आहेत.' लिहिलंही. पाठवणार… तेवढ्यात खाली आलं, 'काय डोळे टिपलेत काका!' म्हटलं, हे एवढं वाचून होऊ दे. तर त्याखाली, 'एका कष्टकरी आयुष्याचं सार.' त्याखाली, 'या सुरकुत्या बोलतात.' आणि मग खुद्द अमरसिंह, 'काका, शब्द नाहीत.' अमरसिंहांना शब्द नाहीत! आणि एकानंही, तुम्हाला सांगतो, एकानंही विचारलं नाही, लेन्स कोणती!

मग कुलदीपचा फोन. आवाज एकदम खाली आणलेला. 'काका, सावरा स्वतःला. आपलं प्रदर्शन आहे ना धाराशिवला, त्यात हा फोटो पहिला लावायचा. दारातच. मोठा.' आता सांगा, मी काय बोलायचं? सांगायला तोंड उघडलं होतं मी, पण 'दारातच, मोठा' म्हटल्यावर ते तसंच उघडं राहिलं. म्हटलं, चहा घेऊन सांगू. सासूबाई कुठं पळून चालल्यात? आत डाळच तर निवडतायत.

पण कुलदीप शेवटी फ्लेक्सवाला! त्यानं तोवर फोटोला दोन बाजूंना दोन समया लावल्या, वर 'लिंगैक्य' लिहिलं, म्हणजे आमच्यातलं कैलासवासी, खाली 'शोकाकुल : क्षणवेचे परिवार', आणि दिलं सोडून. ते निघालं ते आमच्या समाजाच्या ग्रुपवर गेलं आणि तिथून थेट अणदूरला, सासूबाईंच्या भाचीच्या, शिवकांताच्या हातात.

उन्हं कलायच्या आत शिवकांता आली. आपल्याकडं मौतीला आलेली बाई दारात येऊन रडत नाही, गल्लीच्या वळणापासूनच सूर धरते. आणि ऐकणाऱ्या बाईची रीत काय? आधी रडायचं, मग विचारायचं. सासूबाईंनी वळणावरचा सूर ऐकला, डाळीचं सूप बाजूला सारलं, डोक्यावरून पदर घेतला आणि 'अय्यो शिवा' म्हणत दारात जाऊन शिवकांताच्या गळ्यात पडल्या! दोघींचा काय तो आकांत! शेजारची माणसं गोळा झाली, टोप्या काढून उभी राहिली. मी खांबाआड.

रडता रडता सासूबाईंनी नाक पुसून विचारलं, 'कोण गेलं गं बाई?'

खांद्यावर तोंड खुपसूनच शिवकांता म्हणाली, 'गंगम्मामावशी गेली की गं!'

'कवा?'

'आज दुपारच्याला! समया लावून आलंय मोबाइलात!'

'कशानं गं? चांगली हिंडतीफिरती हुती की!'

'काय की बाई! कुणाला मेलीनं पाणीबी मागितलं न्हाय…'

आणि मग शिवकांतानं मान वर केली. तुम्हाला सांगतो, तो चेहरा! असा चेहरा पुन्हा दिसणे नाही, आणि कॅमेरा कपाटात! तिनं एकदा सासूबाईंकडं बघितलं, एकदा मोबाइलकडं, आणि तिथंच उंबऱ्यावर बसली. मौतीच्या घरी चूल पेटत नाही म्हणून बिचारीनं डबा आणलेला. सासूबाईंनी तो डबा बघितला, मोबाइलातल्या समया बघितल्या, मग खांब बघितला. खांबाआड काय आहे ते त्यांना कळलं. त्या एवढंच म्हणाल्या, 'शिवकांते, ऊठ. पिठलं आणलंय न्हवं? गार व्हायलंय.' आणि स्वतःच्या मौतीचं पिठलं मांडी घालून जेवल्या. वर म्हणाल्या, 'मीठ कमी हाय. रडत केलीस व्हय?'

आता आमच्या मंडळी. शिवलीला. तिनं माझा मोबाइल आणून माझ्यापुढं ठेवला, आणि हे लक्षण मी ओळखतो.

'अहो, त्या लोकांना अजून सांगितलं नाहीत?'

'सांगणारच होतो गं…'

'आत्ता लिहा. माझ्यासमोर लिहा. माझी आई जिवंत आहे म्हणून लिहा!'

मी म्हटलं, 'प्रदर्शन झाल्यावर लिहिलं तर नाही का चालणार?'

तिनं फक्त बघितलं. आईचे डोळे आहेत हो तिला.

लिहिलं. कारकुनाला कारकुनासारखंच लिहिता येतं… 'सदर छायाचित्रातील व्यक्ती हयात आहे.' दरवर्षी बँकेत स्वतःच्या हयातीचा दाखला देतो, सासूबाईंचा पहिल्यांदाच दिला. आणि पाठवायच्या आधी वरचं 'शब्द नाहीत' पुन्हा एकदा वाचून घेतलं, खोटं कशाला बोलू?

ग्रुप शांत. मग एक जण, 'अरे वा, आनंद झाला.' मग अमरसिंहांना शब्द सापडले. 'काका, आता सांगायला हरकत नाही, झरोक्यात हायलाइट जळालेत.' दुसरा म्हणाला, 'फोकस नाकावर आहे, डोळ्यांवर नाही.' दुपारी ज्याला सुरकुत्या बोलताना ऐकू आल्या होत्या तो म्हणाला, 'चेहऱ्यावर नॉइज वाटतोय.' कुलदीपचा फोन आला, आवाज पुन्हा वर, 'काका, प्रदर्शनाचं बघू पुढच्या खेपेला. काय आहे, आता तेवढं फीलिंग येत नाही.' फोटो तोच हो! बाई तीच, डाळ तीच, उजेड तोच! फक्त बाई जिवंत, एवढाच काय तो दोष! आणि शेवटी कुणीतरी विचारलंच… काय विचारलं असेल? बरोबर. लेन्स कोणती!

रात्रीच्या भाकरीला बसलो तर सासूबाई म्हणाल्या, 'काय काय लिवलंय ते वाचा की.' वाचलं. आधीचं वाचलं, नंतरचंही वाचलं. त्यांनी घास थांबवला. 'म्हंजी मी गेले तवा डोळे चांगले, आन् हाय म्हटल्यावर नाकात खोट?' मी म्हटलं, 'तसंच काहीसं.' 'दारात लावनार हुते व्हय मला?' 'मोठा.' त्यांनी ताट जरा बाजूला सारलं. मला वाटलं, रागावल्या. तर म्हणाल्या, 'तुमचं नुकसानच केलं की म्या.'

आता ग्रुप सोडावा म्हणतो, सुटत नाही. पण हल्ली सासूबाईंचा फोटो काढला की आधी त्यांनाच दाखवतो. त्या मोबाइल लांब धरतात, डोळे बारीक करतात आणि विचारतात, 'जावईबापू, ह्यात मी हाय का गेले?'

मी म्हणतो, 'आहात.'

'मग ऱ्हाऊ द्या,' म्हणतात, 'चांगला न्हाय आला म्हनायचा.'