बिनफोटोचा फ्लेक्स

नाही, फोटो आणलाच नाही मी. विसरले नाही — आणलाच नाही. मोबाइलमधला पण नको, आणि मागच्या वेळचा तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पडलाय तो तर मुळीच नको, सोमलिंगदादा, तो आत्ताच्या आत्ता माझ्यासमोर उडवा. हसताय काय? काकांचा फोन आला असेल ना तुम्हाला — आमची नीरजा येतीय, तिचा उभा फोटो घ्या, पांढरा कोट, हाताची घडी, मागं निळं आभाळ, वरच्या कोपऱ्यात आपले नेते भैया, वीस बाय दहा, बेंबळीच्या स्टँडवर आणि इथं चौकात. बरोबर ना? तोंडपाठ झालंय मला. सकाळपासून तेच चाललंय — "फिजिओथेरपीचं शिकलीस, दवाखाना टाकलास, आणि आत पडद्यामागं बसून राहिलीस तर कुत्रंसुद्धा यायचं नाही. माणूस दिसला पाहिजे! नाही तर गाळा मोबाइलवाल्याला देतो." गाळा काकांचा, त्यामुळं रोज एकदा दारात येऊन हे ऐकवायचा हक्क पण काकांचाच — अगं आई गं! काय हो हे! हे मशीन असं न सांगता सुरू होतं? नाही, नाही लागलं काही. दचकते मी. कुकरच्या शिट्टीला पण दचकते, शिट्टी होणार हे माहीत असून. असू द्या. चालू द्या तुमचं, मी जरा मोठ्यानं बोलते. तेवढं येतं मला.

भैयांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स आठवतो का? तुम्हीच केलेला. वर भैया कमरेपासून, गॉगल लावून, पाठीमागं सिंह — तो सिंह त्यांच्यापेक्षा घाबरलेला दिसत होता, खरं सांगते — आणि खाली शुभेच्छुकांची रांग. सरपंच, माजी सरपंच, सरपंच व्हायचं म्हणून तयारीत असलेले. सगळ्यांच्या मिशा. आणि मिशांच्या मधोमध मी! गोल चौकटीत. खाली 'नीरजाताई'. ताई! मला वर्गात कधी कुणी हजेरीपलीकडं नावानं हाक मारली नाही आणि तुम्ही एका रात्रीत ताई केलं. मी आपली स्कूटीवरून चालले होते, वळले, तर समोर माझंच तोंड, परातीएवढं, आणि इतकं गोरं केलेलं की वाटलं, आपण वारलो की काय. मग काय वाटणार? आपल्याकडं गोल चौकटीत माणूस दोनदाच येतो, एक भैयांच्या वाढदिवसाला आणि एक स्वतःच्या दहाव्याला. करकचून ब्रेक दाबला मी. मागचा दूधवाला म्हणाला, "ताई, स्वतःलाच बघत थांबता व्हय?"

काकांनी परस्पर केलं ते सगळं. मला काही म्हणजे काहीच माहीत नव्हतं. फोटो? फोटो मीच पाठवला, पण तो काय... काका म्हणाले, एक चांगलासा पाठव. मग मी पाठवला. सगळे फोटो बघून, तो निळ्या ड्रेसमधला, त्यात कान जरा कमी दिसतात म्हणून — बरं, निवडून पाठवला! आणि संध्याकाळी ओढणी तोंडाला बांधून परत त्या चौकातून गेले. बघायला. दोनदा गेले. बरं वाटलं थोडं. असं काय बघताय? मला वाटू नये का बरं? गप्प बसणाऱ्या माणसाला काय आपलं नाव वाचायला आवडत नाही? आवडतं. फक्त ते कुणाच्या पायाशी लिहिलंय हे मागाहून कळतं.

कळलंच. दुसऱ्या दिवसापासून सगळे ओळखायला लागले, हे खरं. चहावाला नमस्कार करतो, रिक्षावाला विचारतो भैया काय म्हणतायत. मला काय माहीत भैया काय म्हणतायत! दवाखान्यात कोण आलं? भैयांच्या गटातली पोरं. दुखतंय कुठं विचारलं तर म्हणतात, कुठं नाही, सहज, आपलं माणूस म्हणून आलो. आणि ज्यांचं खरंच दुखत होतं ते — तुळजाबाईंचं सांगते. बेंबळीच्या. खांदा धरलेला, हात कमरेच्या वर जाईना. वेणी सून घालून द्यायची आणि घालताना अशी ओढायची की मागचे सगळे हिशोब त्यातच. माझ्याकडं आल्या तेव्हा पडदा बाजूला करून म्हणाल्या, "मालिशवाली तूच का गं?" साडेचार वर्षं शिकले मी, दादा. म्हटलं, व्हय, मीच. त्यांना भिंतीपाशी उभं केलं आणि भिंतीवर बोटं चालवायला लावली, मुंगी चढते तशी, दुखलं की थांबायचं, श्वास सोडायचा, परत एक बोट वर. पहिल्या दिवशी मला शिव्या दिल्या त्यांनी. मग स्वतःशीच बोलायला लागल्या, चल गं मुंगे, चल. हात कानापर्यंत आला होता. कानापर्यंत! त्या दिवशी स्वतःच्या कानातली फुलं स्वतःच्या हातानं चाचपली आणि रडल्या. मी नाही रडले. मी पडदा सारखा करायला गेले.

आणि मग तो फ्लेक्स. त्यांचा पोरगा अण्णांच्या गटातला. भैया आणि अण्णा एका मांडवात जेवत नाहीत हे तुम्हाला मी काय सांगावं, दोघांचे फ्लेक्स तुम्हीच छापता, वेगवेगळ्या दिवशी बोलावून. यायच्या बंद झाल्या तुळजाबाई. मीच फोन केला — मी! मला फोन करायच्या आधी वाक्य लिहून घ्यावं लागतं, तरी केला. तर म्हणाल्या, "लेकी, तू भैयाच्यातली व्हय? पोरगं म्हणतंय तिच्या दारात पाय ठिवशील तर बघ. म्या काय करू?" म्हटलं, मावशी, मी कुणाचीच नाही. तर म्हणाल्या, "फोटू हाय की गं तुझा." फोटू हाय. आणि धरलेला खांदा असा मधेच सोडला ना, की परत आवळतो, आधीपेक्षा घट्ट. कानापर्यंत आलेला हात परत खाली जातो. माझ्या निळ्या ड्रेसपायी.

काकांना सांगितलं. काका काय म्हणाले असतील? म्हणाले, "एवढंच ना? अण्णांच्या नातवाचं जावळ आहे, त्या फ्लेक्सवर पण टाकू तुझा फोटो. हिशोब बरोबर." म्हणजे दोन्हीकडं मीच, एकीकडं सिंहाखाली, एकीकडं पाळण्याखाली! कॉलेजला पण एक सर आले होते पुण्याचे, दिवसभर तेच — दिसा, दिसत राहा, बोला, स्वतःबद्दल बोला, लाजाल तर मागं पडाल. शेवटी प्रत्येकाला पुढं बोलावून 'मी सर्वोत्तम आहे' म्हणायला लावलं. माझा नंबर आला तेव्हा मी बाथरूममध्ये होते. जेवणाची सुट्टी होईपर्यंत तिथंच होते. पण म्हणून मी काय कमी पडले? ऐका, दुखऱ्या खांद्याला हात लावायच्या आधी थांबावं लागतं. गप्प. त्या माणसाचा श्वास कुठं अडकतो ते ऐकावं लागतं, तिथंच दुखणं असतं. सारखं स्वतःबद्दल बोलणाऱ्याला ते ऐकू येईल का? नाही यायचं. हे माझं काम आहे आणि ते गप्प बसूनच होतं, आणि मला ते येतं. येतं म्हणजे चांगलं येतं. बघा, म्हटलं की नाही स्वतःबद्दल. पुण्याच्या सरांना नाही म्हटलं, तुम्हाला म्हटलं.

तर घ्या लिहून. नको, मीच सांगते तसं टाइप करा. आठ बाय चार, एकच, पांढऱ्यावर काळं. वर मोठ्या अक्षरात — 'हात वर जात नाही?' खाली भिंत काढा, साधी रेघ, आणि तिच्यावर चढणारी बोटं. अहो, बोटं, सिंह नाही. त्याच्याखाली — 'रोज भिंतीवर बोटं अशी चालवा. दुखलं की थांबा. जबरदस्ती करू नका.' हो, फुकट सांगायचं. ज्याचं तेवढ्यानं बरं होईल त्याचं होऊ दे, फ्लेक्स बघून घरच्या भिंतीपाशी उभं राहायला तर कुणाचा गट आड येत नाही ना? मग — 'तरी नाही गेला तर या.' मग नाव, नुसतं नीरजा, आडनाव दिसलं की लोक जात विचारतात आणि ताई लावाल तर बघा. मग गाळ्याचा पत्ता. झालं. वर कोपऱ्यात कोण? कुणी नाही. शुभेच्छुक? कुणी नाही! भिंतीला कशाला शुभेच्छुक पाहिजेत? फाडतील रात्रीत? फाडू द्या, फाडायला हात वर न्यावा लागतो, तेवढाच व्यायाम — नाही, खरंच, बेंबळीच्या स्टँडवर दोघांचे फ्लेक्स आहेत ना, त्यांच्या मधोमध लावा. तुळजाबाई एसटीला तिथंच —

फोन वाजतोय तुमचा. काकाच ना? द्या इकडं. नाही, द्या. — काका, मी. हो, इथंच आहे. नाही, फोटो नाही. भैया पण नाही. कुणीच नाही काका, भिंत आहे नुसती. भिंत. — ओरडू नका, ऐकू येतंय. — मोबाइलवाला? उद्यापासून? — बरं. — बरं म्हणजे बरं, द्या त्याला. गादी आणि टेबल माझं आहे, ते उचलते, किल्ली संध्याकाळी काकूंकडं देते. — नाही, रडत नाहीये मी. ठेवते.

हा घ्या तुमचा फोन. पाणी नको.

थांबा, छापू नका अजून. तो पत्ता खोडा. 'तरी नाही गेला तर या' — ते 'या' पण खोडा. तिथं लिहा, 'बोलवा, घरी येते.' हो, घरोघर. अनोळखी घरी, हो, दार वाजवून, आतून कोण येईल काय म्हणेल — माहितीय मला, रात्रभर झोप लागायची नाही. लिहा. माझ्या दारात पाय ठेवायचा नाही ना तुळजाबाईंनी? मग मी त्यांच्या दारात ठेवते. पोरगा हाकलेल? हाकलू दे, दुसऱ्या दिवशी परत जाते. नंबर लिहा खाली. माझाच. अक्षरं अजून मोठी करा, लांबून दिसली पाहिजेत — आणि दादा, आता माझ्याकडं बघत बसू नका. काम करा.