ग्रहणात उभी राहिलेली

चंद्रप्रभा : दोन झगे बांध, दुपटं बांध, झालं. लोह्याला काय दरबार भरवायचाय पोरीला? बैल जुंपलेली दमणी दाराशी येऊन उभी हाय, इंदू, आणि तू अजून तिची वेणीच घालून राहिलीस!

इंदू : वेणी घरात राहायला घालतेय, अत्याबाई. मिनू कुठंच जाणार नाही.

चंद्रप्रभा : अहो, ऐकलं का? तुमची सूनबाई काय म्हणून राहिली ते ऐका जरा. घाटावर जायची घाई मागून करा.

माधवराव : ऐकून राहिलो. नांदेडच्या अदालतीत सारी उमर वकिली केली, पण घरात दोन बायका एकदम बोलायला लागल्या की अजूनही मला पुढची तारीख मागून घ्यावीशी वाटते. सूनबाई, बस अशी. पोटुशी बाई उभ्यानं भांडत नाही.

इंदू : मी भांडत नाही, मामंजी. मी फक्त नाही म्हणतेय.

माधवराव : बरं, मग समजून घे. वसंता लातूरला शाळेवर, म्हणून त्याच्या जागी मी सांगतो. तुला सहावा महिना. आज दुपारी सूर्यग्रहण. आणि पोरगी अशी, ओठ दुभंगलेली. ग्रहण लागायच्या आत ती गोदावरीपलीकडं गेली पाहिजे. तिचं तोंड तुझ्या नजरेला पडू नये, तिची सावली तुझ्या पोटावर पडू नये, एवढीच बात. लोह्याला आपल्या मळ्यातल्या घरात राहील. बाळंतपण सुखरूप होऊ दे, मग आणू.

इंदू : कोण आणणार? काल माजघरात तुम्हीच अत्याबाईंना म्हणालात, तिथंच वाढेल, तिथंच राहील, लोकांच्या डोळ्यांआड. मी पाणी भरत होते. कान झाकायला हात मोकळे नव्हते.

चंद्रप्रभा : चोरून ऐकलं ते ऐकलं, वर तोंड करून सांगती! आणि हे सारं कुणामुळं झालं गं? मागल्या खेपेला मी ओरडून सांगत होते ना, ग्रहण हाय, विळीला हात लावू नको? हिनं वांगं चिरलं. वांगं चिरलं आणि पोरीचा ओठ चिरला. साऱ्या गल्लीला ठावं हाय.

इंदू : चार वर्षं ऐकतेय. आज विचारतेच. मामंजी, तुम्हाला जुनी-नवी सगळी ग्रहणं तोंडपाठ. त्या दिवशीचं कुठल्या जातीचं होतं?

माधवराव : त्या दिवशीचं? ग्रस्तास्त. म्हणजे ग्रहण लागलेलं असतानाच सूर्य मावळला. इथं आपल्याला जेमतेम कोपरा गेलेला दिसला.

इंदू : म्हणजे दिवस मावळताना लागलं. आणि मी वांगं कधी चिरलं, अत्याबाई?

चंद्रप्रभा : सकाळच्या सैपाकाला. पण वेध लागले होते!

इंदू : वेधात तुम्ही जेवलात. तेच वांगं, भाकरीशी. वर म्हणालात, मीठ कमी पडलंय.

चंद्रप्रभा : मला... मला पित्ताचा त्रास हाय! उपाशी राहिले की घेरी येती. अहो, तुम्ही हसून काय राहिलात?

माधवराव : नाही हसत. सूनबाई, हा मुद्दा तुझा. पण एक मुद्दा जिंकला म्हणजे दावा जिंकला असं होत नाही. शास्त्र काय एकट्या वांग्यावर उभं आहे? पोटुशीनं ग्रहणात अंधाऱ्या कोठीत पडून राहावं, हलू नये, बाहेर बघू नये. हे माझ्या आजीनं केलं, तिच्या आजीनं केलं. पूर्वापार चालत आलंय.

इंदू : किती पूर्वापार? आमच्या गावात मठामागं महादेवाचं देऊळ आहे. त्याच्या दारात एक दगड आहे, चालुक्यांच्या वेळचा, जुन्या कानडी अक्षरांचा. मठातले विरूपाक्ष स्वामी तो वाचायचे आणि माझे बाबा मांडी घालून ऐकायचे. अक्षरं उठून दिसावीत म्हणून त्यांत राख चोळायचं काम माझं होतं.

चंद्रप्रभा : हिच्या माहेरचे दगड बी शाळा शिकलेले.

इंदू : त्या दगडावर आहे, सूर्यग्रहण लागलं, भर दिवसा रात्र झाली, तारे निघाले, पाखरं झाडावर परतली. आणि त्या वेळी तिथल्या मांडलिक राजाची राणी मांजरा नदीत कमरेइतक्या पाण्यात उभी होती. उघड्यावर, साऱ्या रयतेसमोर. हातावर पाणी सोडून तिनं देवळाला जमीन दिली. आणि ती पोटुशी होती, मामंजी.

माधवराव : तिथी काय लिहिलीय?

इंदू : अमावास्या.

माधवराव : सुटलीस. सूर्यग्रहण अमावास्येलाच लागतं. एका इनामाच्या खटल्यात समोरच्यानं ताम्रपट आणला होता. हा एवढा जाड, वर हिरवा गंज चढवलेला. त्यात एका राजानं सूर्यग्रहणाच्या पुण्यकाळी जमीन दिली म्हणून लिहिलं होतं, आणि तिथी कुठली? दशमी! मुन्सफसाहेबांना म्हटलं, हुजूर, दशमीला ज्याच्या राज्यात सूर्यग्रहण लागतं त्या राजापुढं आपण कोण? सारी कचेरी हसली होती.

चंद्रप्रभा : सूर्य डोक्यावर यायला लागला आणि ह्यांची कचेरी अजून हसूनच राहिली!

माधवराव : हाव, हाव. तर सूनबाई, ग्रहणात दान द्यायची रीतच होती. जुन्या काळची कितीतरी ग्रहणं आपल्याला ठाऊक आहेत ती त्या दानांमुळंच. ते मला कबूल. पण राणी पोटुशी होती, हे दगडावर कुठं आलं?

इंदू : खाली दुसरा लेख आहे. तिच्या मुलानं कोरवून घेतलेला. आई पाण्यात उभी होती त्या ग्रहणात मी तिच्या पोटात होतो, असं सांगून त्यानं नदीला घाट बांधलाय. लपवत नाही तो. मिरवतोय.

माधवराव : अस्सं. आता मी उलटतपासणी घेतो. ग्रहणाच्या जाती सांग.

इंदू : सूर्याचा तुकडा गेला की खंडग्रास. चंद्र जवळ असला आणि सूर्य पुरता झाकला की खग्रास. चंद्र लांब असला की लहान पडतो, सगळा सूर्य झाकत नाही. मग कडेनं बांगडी उरते, ती कंकणाकृती.

माधवराव : शाबास. तर माझं म्हणणं असं, की तुझ्या राणीचं ग्रहण कंकणाकृती होतं. कंकणात सूर्याचं तेज शिल्लक राहतं, म्हणून तिला बाधा झाली नाही. दावा खारिज.

इंदू : कंकणात तारे दिसतात का?

माधवराव : एखादा शुक्र दिसेल, फार तर.

इंदू : दगडावर एक शुक्र नाही, तारे आहेत. स्वामींनी माझं बोट धरून त्या अक्षरावरून फिरवलंय. आणि पाखरं? बांगडीच्या उजेडात पाखरं झोपायला जातात?

माधवराव : कोरणारा दरबारचा माणूस. राणीचं ग्रहण थोडक्यात कसं भागवेल? आणि दुसरं ऐक. असंही ग्रहण असतं, की एका मुलखात खग्रास आणि तेच ग्रहण दुसऱ्या मुलखात कंकण. चंद्र अगदी काठावरच्या अंतरावर असला म्हणजे तसं होतं.

इंदू : म्हणजे एकाच दिवशी, एकाच ग्रहणात, इकडच्या पोटुशीला बाधा आणि तिकडच्या पोटुशीला माफी? निजामाच्या हद्दीत एक कायदा, पलीकडं इंग्रजांच्या हद्दीत दुसरा, तसं? सूर्यानंही मधे जकातीचा, करोडगिरीचा नाका बसवलाय का?

चंद्रप्रभा : अगं, सासऱ्याशी बोलून राहिलीस का चोराशी?

माधवराव : बोलू दे. पण सूनबाई, तुझ्या सबुतात एक भोक आहे, आणि तेच मोठं आहे. राणीचा मुलगा निपजला कसा? त्याचा ओठ धड होता, असं दगड सांगतो का?

इंदू : नाही.

माधवराव : मग? दुभंगलेला असेल. राजाच्या पोराचं व्यंग दगडावर कोण कोरेल?

इंदू : असेल! असू दे दुभंगलेला! मग तर माझंच म्हणणं खरं. तसल्या ओठाचा मुलगा गादीवर बसला, त्यानं घाट बांधला, आईचं नाव सांगून खाली स्वतःचं नाव कोरलं. त्याला कुणी जुन्या कपड्यांच्या गाठोड्यासारखं दमणीत घालून लोह्याला नाही धाडलं!

(बाहेर बैलांच्या गळ्यातली घुंगरं वाजतात.)

माधवराव : तुझा राग मला कळतो. पण आपल्याला लोकांत राहायचंय. उद्या ही मोठी होईल. गल्लीतली पोरं वेडावतील, कुणी पत्करणार नाही. लोह्याला तिला हसणारं कुणी नाही. मी मायेनंच धाडून राहिलो, सूनबाई.

इंदू : मायेनं असेल. तरी नाही. माझ्या पोरीचा ओठ दुभंगलाय, ती नाही दुभंगली. ती आई म्हणते ते मला स्पष्ट ऐकू येतं. आज काय होणार ते मीच सांगते. मी कोठीत पडून राहणार नाही. सूर्य झाकायला लागला की मिनूला घेऊन अंगणात उभी राहीन. माझं तोंड उघडं, तिचंही उघडं. गल्लीनं खुशाल बघावं. आणि दमणी जायचीच असली तर आम्ही दोघी बसू तिच्यात. मग ती लोह्याला नाही, लातूरला जाईल. ह्यांच्या शाळेच्या दारात उतरून ह्यांना विचारेन, की तुम्हाला किती लेकरं आहेत?

माधवराव : सूनबाई! फार झालं. हे घर माझं आहे आणि इथं माझा हुकूम चालतो. गाडीवान वीरभद्राला आत बोलावतो, तो पोरीला उचलून दमणीत बसवेल.

चंद्रप्रभा : थांबा.

माधवराव : तू मधे पडू नको.

चंद्रप्रभा : मधे न्हाई पडत. पोरीला उचलायच्या आधी हिला आक्काचं सांगा.

माधवराव : गप.

इंदू : कोण आक्का?

चंद्रप्रभा : ह्यांची थोरली बहीण. तिचा ओठ असाच होता, आपल्या मिनूसारखा. तिला बी लहानपणीच लोह्याला धाडली. त्याच मळ्यातल्या घरात. तिथंच वाढली, तिथंच मेली. सारी हयात पदर तोंडावर.

इंदू : म्हणजे हे ह्याच घराण्यातलं... आणि चार वर्षं तुम्ही दोघं मला वांगं चिरल्याचं ऐकवताय!

चंद्रप्रभा : बोल, मला काय बोलायचं ते बोल, मागून. आता मला पुढलं सांगू दे, न्हाईतर परत माझं तोंड उघडायचं न्हाई. वसंता पोटात होता, सातवा लागला होता. आम्ही सगळी सुगीला लोह्याला, आणि ग्रहण आलं. लई मोठं.

माधवराव : ते होय. खग्रास व्हायला थोडकंच उरलं होतं. नखाएवढी कोर राहिली होती.

चंद्रप्रभा : तुम्ही बाप्ये नदीवर, बायका दारं लावून आत. मला कोठीत कोंडलेलं. घसा सुकला म्हणून पाण्याला उठले, आणि दाराच्या फटीतून अंगणात बघितलं.

माधवराव : ग्रहणात? तू बाहेर बघितलंस?

चंद्रप्रभा : हाव, बघितलं. अंगणात आक्का एकटीच उभी. अख्ख्या गावात बाहेर बघणारं कुणी न्हाई, म्हणून पदर काढला होता तिनं. तोंड वर करून उभी होती. मी तिचं तोंड बघितलं. वर ती सूर्याची कोर बघितली. दोन्ही बघितलं, पोटात वसंता असताना. आणि वसंताचा ओठ कसा हाय? मिशी शोभती त्याला!

माधवराव : इतकी वर्षं बोलली नाहीस.

चंद्रप्रभा : कुणाला बोलू? तुम्ही तर आक्काचं नाव काढू देत न्हवता. आणि मलाच भ्या वाटायचं, लोक म्हणतील, हिनं ग्रहण बघितलं. मग सून आली, लेकरू असं निपजलं, दिलं सारं सुनेवर ढकलून. सुनेवर ढकलायला काय लागतं?

इंदू : अत्याबाई...

चंद्रप्रभा : तू रडू नको. पोटुशीनं रडायचं न्हाई, हे तरी माझं ऐक. ए वीरभद्रा! बैल सोड! हाव, सोड म्हणते! कुणी कुठं जात न्हाई. त्यांना कडबा टाक आणि तू बी जाय घाटावर. ...आता बोला वकीलसाहेब. काय हुकूम हाय तुमचा?

इंदू : मामंजी? खाली बसा. पाणी देऊ?

माधवराव : तिनं तुला बघितलं का? आक्कानं?

चंद्रप्रभा : बघितलं. फटीतला माझा डोळा दिसला असंल. मला वाटलं आता पदर ओढती. न्हाई ओढला. हसली.

माधवराव : हसली?

चंद्रप्रभा : चांगली तोंडभरून.

माधवराव : मी तिचा सख्खा भाऊ. मी तिला हसताना कधीच पाहिलं नाही.