बाजारच्या दिवशीची बालवाडी

मन्हं माहेर कळसाडीचं अन् सासर खांडबाऱ्याचं, घरात चौथी पास झालेली मीच एकटी, म्हणून मालक वारले तशी महिला मंडळानं मला बालवाडीवर लावलं. सरकारचं अनुदान तेव्हा नवीनच निघालं होतं, त्यातच मन्हा पगार, त्यातच पोरांचे गूळ-चणे. ग्रामसेवक म्हणे, बाई, मूल्यमापनाला साहेब येतील. मी विचारलं, भाऊ, ते काय असतं? म्हणे, लोकांचं भलं झालं का ते बघतात. मला भारी नवल, भलं कसं बघतात हो, मापानं का तराजूनं?

तर काय सांगू तुम्हाला, साहेब आगगाडीतून उतरले तो नेमका बाजारचा दिवस. त्या दिवशी मी बालवाडीच्या खोलीला कुलूप घालून पोरं बाजारातल्या चिंचेखाली बसवायची, कारण आया सगळ्या डोंगरातल्या कोकणी आदिवासी, मोळ्या अन् भाजी विकणाऱ्या, त्या दिवशी पोराला नजरेआड करत नसत, अन् तिथं बैलगाड्यांची ही गर्दी, पोर चाकाखाली जायला किती वेळ? साहेब विचारत विचारत आले, बाई, बालवाडी कुठं आहे? मी म्हटलं, आठेच शे ना साहेब, या चिंचेखालीच, बसा. बसले की गोणपाटावर! पोरांची गाणी ऐकली, एका आईला विचारलं, पोर इथं बसतं त्याचा तुला काय फायदा? ती म्हणाली, दोन्ही हात मोकळे राहतात. साहेब हसले. मला वाटलं, झालं भलं मोजून.

मग वरून कागद आला, अनुदान चालू, पण बालवाडी मंजूर खोलीतच भरवायची, नाहीतर बंद. मंडळाच्या अध्यक्षीणबाई म्हणाल्या, माय, नियम शे, तुन्हं पोट बी त्यावरच शे. तेव्हापासून बाजारच्या दिवशी मी खोली उघडून एकटीच बसते, समोर रिकामी चटई, जीव सगळा बाजारात. पुढं दुसरे साहेब आले, तेही बाजारच्याच दिवशी, खोली उघडी, फळा पुसलेला, उत्तम म्हणाले अन् गेले. पोरं कुठं आहेत, विचारलंच नाही.

तीच आई परवा रस्त्यात भेटली. म्हणाली, बाई, तू चिंचेखाली येत नाहीस. मी म्हटलं, सरकार पैसे देतं ना, त्यांचं ऐकावं लागतं. ती म्हणाली, पैसे नसते तर आली असतीस?

बालवाडी चालू आहे, पगार येतो, खोटं कशाला बोलू. पण बाजारात बैलगाड्यांची गर्दी अजून तशीच शे. देव तिचं पोर सांभाळो, दुसरं काय म्हणणार मी.