म्हशीच्या चित्राची लायब्ररी

हसू नका रं, हितं माझं वरीस वाया चाललंय. परवा डिप्लोमाचा प्रोजेक्ट द्यायचाय, काळ्या पडद्यावर कमांड टाईप करून चालणारं ॲप. नापास झालो तर बाप माधवनगरला यंत्रमागावर उभा करणार.

असलं ॲप पहिल्यापासनं कोण लिवतंय? कुणीतरी फुकट ठिवलेली लायब्ररी, म्हंजी तयार कोड, उचलायचा. वर्गातला संत्या म्हणला, "लोकं लय वापरत्यात ती घे." मी म्हशीचं चित्र असलेली घेतली. म्हस बघून हसाय आलं, एवढंच.

सगळं झ्याक चाललं, पर 'सांगली' लिवलं की ल एकीकडं आन वेलांटी दुसरीकडं. लायब्ररीचा मालक कुठला परदेशातला. त्याला लिवलं, "आवं, मराठी मोडतंय, तेवढं दुरुस्त करा."

त्याचं उत्तर आलं, "मी आता दमलो. तू सांभाळतोस का?"

मी गमतीत "व्हय" म्हणलो. गड्या, त्यानं खरंच सगळी लायब्ररी माझ्या नावावर केली! आता जगभरातली लोकं मलाच इचारत्यात, आमचं कवा दुरुस्त करणार? मला तर त्यातली एक ओळ कळत न्हाई.

आज सरांना ती मोडकी वेलांटी दावली. सर म्हणले, "अरे, लायब्ररीच्या मालकाला लिही. तो करून देईल."

"सर, मालक मीच हाय."

सरांनी चष्मा काढून माझ्याकडं बघितलं.

"मग दुसरी लायब्ररी घे बाळा. हिचा मालक काय कामाचा नाही."