टेकू काढायला टेम्पो आला

माझं माहेर बारवीकडं, डोंगराच्या अंगाला, भाताची खाचरं नि रानातली लाकडं यावरच आमचं चालायचं. लग्न होऊन मोरिवलीत आले, आमचे हे आनंदनगरला कंपनीत, एका खोलीत सासू, दीर, आमी नि पोरं, काय सांगू तुमाला, पाय पसरायला जागा नाय. मग यांनी बदलापुरात जागा घेतली. बांधायला दिलं ते यांच्या मामेभावाला, कंत्राटं घ्यायचा तो, आमच्या लग्नात यांच्या डोक्यावर छत्री धरून उभा होता, दुसरा कोण बघणार?

आमच्यात कशी रीत, स्लॅब पडला की नारळ फोडायचा, पेढे वाटायचे नि कंत्राटदाराच्या ओंजळीत नारळाबरोबर त्याचे पैसे घालायचे. यांनी विटा, सळई, सेंट्रिंगचे धरून सगळेच घातले. कंपनीतून कर्ज काढलेलं, माझ्या पाटल्या मोडलेल्या, ते सगळं त्या ओंजळीत. मी बोल्ले, भावोजी, मोजून तरी घ्या, तर तो बोल्ला, वहिनी, तुमच्याकडचं काय मोजायचं? पावती मागायची आमाला लाज वाटली हो, भावाकडं पावती कोण मागतो!

मग स्लॅबला पाणी मारायचं काम माझं. वर मातीचे बांध घातले, खाचराला घालतो तसे, नि रोज पाणी भरायचं. आठवडापण नाय झाला, मी वर बादली ओततेय नि खालून धाडकन ठोका. माझ्या तळपायाला लागला तो. मना वाटलं भूकंपच. दुसरा ठोका, तिसरा. खाली वाकून बघते तर टेम्पो उभा, नि माणसं स्लॅबखालचे टेकू ठोकून काढतायत. ओला स्लॅब, वर मी, नि खालचे टेकू काढतायत!

बाहेर उल्हासनगर कॅम्प एकचा सेठ उभा, सिंधी, सेंट्रिंगचं सामान भाड्यानं देणारा. मी वरनंच ओरडले, ओ सेठ, हे काय करताय? तो बोल्ला, अदी, म्हंजे त्यांच्यात ताई, मेरा माल है, मैं ले जाएगा, उसने बोला तुमने उसको एक पैसा नहीं दिया. एक पैसा नहीं! मी मटकन तिथंच पाण्यात बसले. मामेभावानं वीटवाल्याला तेच सांगितलेलं, सळईवाल्याला तेच, गावभर आमी लबाड झालेलो नि आमालाच पत्ता नाय.

उतरायला हवं होतं ना? मी नाय उतरले. बोल्ले, सेठ, काढा, मी इथंच बसते, पडला तर माझ्यासकट पडंल. सेठचं तोंड पांढरं पडलं, माणसांवर खेकसला, छोड, छोड, वापस लगा! गॅलरीखालचे टेकू निघालेच होते, तिथं चीर गेली, ती अजून हाय.

सेठचं देणं मग मी फेडलं, त्याच्या वखारीत बसून सेंट्रिंगच्या पत्र्यांवरचं सिमेंट खरवडायचं, तेल लावायचं, नखं गेली माझी. यांनी ओव्हरटाइम करून वीटवाल्याला नि सळईवाल्याला दिलं. मामेभाऊ गायबच होता.

नि वास्तुशांतीला तो आला! बोलावलं कोणी? तर यांनीच, मामाचा मुलगा टाळायचा कसा. पहिल्या पंगतीत बसला, शेजारी सेठ. सेठ ताटावरून उठायला लागला, मीच हात जोडले, म्हटलं, सेठ, माझ्याकडं बघून जेवा. नि हा काय करतो, बुंदीचा लाडू मोडता मोडता मान वर करतो, छताकडं बघतो नि बोलतो, वहिनी, स्लॅब मस्त झालाय हं माझा.

माझा!

आता हे गेले, सेठ गेला, पोरं कामाला लागली. तो अजून हाय, पुढच्याच आळीत राहतो, गुडघे गेलेत, भेटला की वहिनी म्हणून हाक मारतो, मी ओ देते. देव त्याला बरं ठेवो. पण आत ये असं माझ्या तोंडातून नाय निघत, खूप प्रयत्न केला, नाय निघत.