गभणे सरांचा प्रत्यक्षार्थवाद

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या महाविद्यालयाचे प्राचार्य आदरणीय वामनराव ढोबळे सर, संस्थेच्या सचिव माननीय शोभाताई, आजचे सत्कारमूर्ती आणि निवृत्त होत असलेले प्राध्यापक शालिकराम गभणे सर, त्यांच्या सौभाग्यवती प्रेमिलाताई, माझे सहकारी आणि या सभागृहात उभं राहायलाही जागा नसताना आलेले आजी-माजी विद्यार्थी, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मी सुरुची. तत्त्वज्ञान विभागात बावीस वर्षं नीतिशास्त्र आणि वेदान्त शिकवते. सर प्रत्यक्षार्थवाद शिकवतात, ज्याला इंग्रजीत पॉझिटिव्हिझम म्हणतात. म्हणजे आम्ही दोघं एका खोलीत, एका टेबलाच्या दोन बाजूंना, बावीस वर्षं भांडत आलो. ज्यांना वाटतं की निरोपाच्या भाषणात फक्त गोडच बोलावं, त्यांची आज थोडी निराशा होईल.

या शब्दानं सरांना फार छळलं. सीताबर्डीतल्या एका मंडळानं त्यांना एकदा ‘पॉझिटिव्ह राहा, यशस्वी व्हा’ या विषयावर व्याख्यानाला बोलावलं होतं. सर गेले आणि पाऊण तास शांतपणे सांगत राहिले की त्यांचा विषय हा नव्हेच. आनंदी विचार करण्याशी त्याचा काही संबंध नाही. जे अनुभवाला येतं, जे दुसऱ्यालाही तपासून पाहता येतं, तेवढ्यालाच ज्ञान म्हणायचं आणि बाकीच्याबद्दल ‘मला माहीत नाही’ म्हणायचं धैर्य ठेवायचं, एवढाच तो आहे. मंडळानं शाल दिली, पण पुन्हा बोलावलं नाही.

मग इतर विचारांहून तो वेगळा कुठे पडतो? हे मी पुस्तकात वाचलं होतं. पाहिलं मात्र भिवापूरकडच्या एका वस्तीत, सहा वर्षांपूर्वी. तेवढं सांगायची परवानगी द्या.

दीक्षा नावाची मुलगी तेव्हा बीएच्या शेवटच्या वर्षाला होती. सर वर्गात तपासणीचं महत्त्व सांगत होते. ती उभी राहिली आणि म्हणाली, “सर, आमच्या वस्तीतल्या नळाले वास येते. तपासणी झाली. अहवालात पाणी चांगलं हाय. मंग आमचं नाक खोटं का?”

 सरांनी तो प्रश्न स्टाफरूममध्ये येऊन मला सांगितला. आणि मी, खरं बोलते, मनातून खूश झाले. म्हटलं, पाहा, तुमचा प्रत्यक्षार्थवाद शेवटी कागदाच्या बाजूनं उभा राहिला.  सर म्हणाले, “कागद म्हणजे अनुभव नव्हे, मॅडम. कागद म्हणजे कोणाचा तरी अनुभव. तो कोणाचा, कधीचा आणि कुठला, हे जाऊन पाहावं लागेल.” रविवारी सकाळच्या गाडीनं ते निघाले. मला सोबत घेतलं, कारण त्यांच्यावर विश्वास नसलेला माणूस त्यांना साक्षीला हवा होता.

वस्तीत दीक्षाची आत्या प्रयागबाई भेटली. अंगणात मिरच्या वाळत होत्या. आदल्या पावसाळ्यात तिची सात वर्षांची नात काविळीनं गेली होती. त्याआधीपासून ती बाई पाण्याबद्दल सांगत होती. आम्ही आलो म्हणून चार माणसं जमली. एक म्हातारे म्हणाले, जुनी विहीर बुजवली, तिचा कोप आहे. गावातले एक पुढारी म्हणाले की वास बायांच्या मनात बसला आहे, मनात बसलं की नाकात येतो. नळयोजनेचं काम पाहणाऱ्यांनी हिशेबी तर्क मांडला, की टाकी नवी, पाइप नवा, म्हणून पाणी चांगलंच असणार, पाहायची गरजच काय? मित्रहो, मी चकित झाले. माझा अर्धा अभ्यासक्रम त्या अंगणात बसला होता. कोणी अदृश्य कारण शोधत होतं, कोणी सगळं मनात ढकलत होतं, कोणी डोळे मिटून तर्कानं निष्कर्षाला पोहोचलं होतं.

सरांनी कोणाशीही वाद घातला नाही. त्यांनी प्रयागबाईला एवढंच विचारलं, की वास कधी येतो?

हे तिला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. ती म्हणाली, सकाळच्या पहिल्या घागरीले येते, मंग जाते. आणि अहवालाचा नमुना घेतला होता भर दुपारी, थेट टाकीतून.

त्यानंतर चाळीस सकाळी त्या वस्तीनं नोंद ठेवली. तीन वेगवेगळ्या घरांतल्या बायांनी, एकमेकींशी न बोलता. प्रयागबाईला लिहिता येत नव्हतं. तिनं भिंतीवर वास आला की कोळशाची रेघ ओढली, नाही आला की चुन्याची. सर दर रविवारी जाऊन तिन्ही घरांच्या नोंदी पडताळून एका वहीत उतरवत. आदल्या दिवशी पाणीपुरवठा बंद असला की दुसऱ्या सकाळी तिन्ही घरांत वास, हे दिसून आलं. त्या सकाळचा नमुना सरांनी तपासायला दिला. पाणी दूषित निघालं.

आता सगळं सोपं होईल असं मला वाटलं. झालं उलटंच. एका वार्ताहरानं सरांना विचारलं, प्रयागबाईची नात या पाण्यानंच गेली ना? सर म्हणाले, गेली असेल, पण मला ते दाखवता येत नाही, म्हणून मी तसं म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी दीक्षा स्टाफरूममध्ये आली. रडत नव्हती. तिनं विचारलं, “सर, तुमच्यापाशी मन हाय का नाही?” आणि निघून गेली. दोन महिने ती त्यांच्या तासाला बसली नाही. मीही दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. एका शब्दानं त्या घराला न्याय मिळाला असता, आणि हा माणूस तो शब्द देत नव्हता.

पुढे अधिकाऱ्यांसमोर बैठक झाली. समोरची मंडळी त्या नोंदवहीत अतिशयोक्ती शोधायला बसली होती. दीड तास त्यांनी पानं उलटली. दाखवता येणार नाही असं एकही वाक्य त्यांना सापडलं नाही. फेटाळायला काही उरलंच नाही, तेव्हा खोदायचा हुकूम निघाला. रस्त्याच्या मोरीखाली पाइपचा सांधा फुटला होता आणि तो नालीच्या पाण्यात पडून होता; पुरवठा बंद झाला की तेच पाणी रिकाम्या पाइपात शिरायचं. दीक्षा त्या बैठकीत मागे उभी होती. पुढच्या सोमवारी ती सरांच्या तासाला पहिल्या बाकावर येऊन बसली. 

नवा पाइप बसला त्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. प्रयागबाईनं चहा दिला आणि सरांना म्हणाली, “मी तीन वर्षांपासून सांगून राहिली. माह्या सांगण्यानं काहून नाही खोदलं, सर? तुमच्या वहीनं खोदलं. हे बरोबर हाय का?”

सर म्हणाले, “माझ्या शास्त्रात याचं उत्तर नाही, बाई.”

परतीच्या गाडीत उमरेड आलं तेव्हा सर म्हणाले, “तिचा प्रश्न तुमच्या पेपरातला आहे, मॅडम. काय आहे, ते मी दाखवू शकतो. काय असायला हवं होतं, ते मला दाखवता येत नाही. ते मला शिकवा.” मी त्यांना काय शिकवणार? न्यायाबद्दल मी सोळा वर्षं वर्गात बोलत होते, आणि वास कधी येतो हे विचारायचं मलाही सुचलं नव्हतं. आमचं भांडण त्यानंतरही चालू राहिलं. पण एकमेकांशिवाय आपण अपुरे आहोत, हे दोघांनाही त्या गाडीत कळलं.

अध्यक्ष महोदय, आता आपल्यासाठी दोन शब्द. सरांची जागा भरली जाणार नाही आणि प्रत्यक्षार्थवादाचा पेपर बंद होईल, अशी चर्चा आहे. मी आजच सकाळी आपल्या कार्यालयात पत्र दिलं आहे. जूनपासून तो पेपर मी शिकवीन. माझे सगळे तास सांभाळून, वरचे तास घेऊन शिकवीन. विद्यार्थी चार आले तरी चालतील. मला तो विचार पूर्ण पटत नाही, आजही नाही. पण अहवाल हातात घेऊन ‘हे कोणी, कधी, कुठे पाहिलं’ असं विचारणारी मुलं या नागपुरातून बाहेर पडली पाहिजेत, आणि ती पडतील.

काल मी सरांना विचारलं, जो विचार मला मान्य नाही तो मी प्रामाणिकपणे कसा शिकवू? ते म्हणाले, “तुमचा विरोध पहिल्याच तासाला फळ्यावर लिहा. तो पुसू नका. मग शिकवा.”

सर, मी लिहीन.

आपण सर्वांनी इतका वेळ शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या भरात कोणाचा मान राखायचा राहून गेला असेल, काही अधिक-उणं झालं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. नमस्कार.