एका कॉम्प्युटरवर दोन चुली

कॉम्प्युटरचा कोर्स केलेला जावई देव कुणाला देऊ नये. जोहे गावात आमच्या वसंताचा गणपतींचा कारखाना. मुंबईच्या गिऱ्हाइकाला दाखवायचे मूर्तींचे सगळे फोटो त्याने घरच्या कॉम्प्युटरवर ठेवलेले, आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येणार होतं. तेवढ्यात वरसे गावाहून त्याचे जावई आले.

"मामा, विंडोजशेजारी लिनक्स ही दुसरी सिस्टीम बसवतो. एका घरात दोन चुली!"

जावयाला नको कोण म्हणणार? दुपारभर चहा ढोसत त्यांनी डिस्कची वाटणी केली. शेवटी दोन्हीपैकी काहीच सुरू होईना, काळ्या पडद्यावर नुसती चार पांढरी अक्षरं उरली.

"फोटो कुठं हायत?" वसंताने विचारलं.

"आतच आहेत, मामा. फक्त दिसत नाहीत."

"जावईबापू, आत हाय पन दिसत नाय, असा तर देव असतो. तरी गिऱ्हाईक मूर्तीच मागतंय ना?"